निर्गुडीला आवतण

उकंडराव पाटलाचे हात सुजले त्या दिवशी वच्छलाबाईनं देवापुढं तुपाचा दिवा लावला. शेजारपाजारच्या बायांना वाटलं, बिचारी नवऱ्यासाठी नवस बोलते आहे. नवस कसला न् काय! नवस तिनं कधीच बोलून ठेवला होता, हा फेडीचा दिवा होता.

गाव खडकपूर्णेच्या काठचं, दुसरबीडच्या बाजाराला जाणारं. वऱ्हाडात तेव्हा नाव निजामाचं आणि हुकूम नागपूरच्या सरकारचा. पण पाटलाच्या घरात निजामही नव्हता आणि सरकारही नव्हतं. तिथं राज्य उकंडरावाच्या हातांचं. भाकर जरा करपली, हात. पाणी द्यायला उशीर झाला, हात. बाई हसली तर हात आणि रडली तर दोन हात. बैल हाकायची पराणी त्यानं बैलावर जेवढी वापरली नसेल तेवढी बायकोवर वापरली. वच्छलाबाईला डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं, ते त्याच राज्यातलं इनाम. गावाला सगळं ठाऊक होतं. गाव म्हणायचं, पाटील तापट हाये, पण मनाचा राजा मानूस. मनाचा राजा! अहो, ज्याची पाठ सोलते त्याला विचारा राजा कसा असतो ते.

मग एका हिवाळ्यात त्या राजाची बोटं सुजली. आधी सकाळची आखडायची, मग दिवसभर. पेरं वांग्यासारखी फुगली, लाल झाली, मनगटं तापली. मूठ वळेना, वळली तर उघडेना. चिखलीच्या सरकारी दवाखान्यात बैलगाडीनं जाऊन आला, शेगावला पायी जायचा नवस बोलून आला. डॉक्टरनं बाटली दिली. बाटलीनं पोट जळलं, सूज तशीच राहिली. वात हाये, जिवासोबतच जाईन, असं म्हणून उकंडराव ओसरीवरच्या बाजेवर आडवा झाला, तो तिथलाच झाला.

आणि वच्छलाबाईच्या आयुष्यात सुख आलं. हो, सुखच. दुसरा शब्द नाही त्याला.

आता पाटलाला घास भरवावा लागे. धोतर नेसवावं लागे. नाक शिंकरून द्यावं लागे. वच्छलाबाई हे सगळं करायची आणि आपल्या पद्धतीनं करायची. त्याच्या नाकावर माशी बसली की ती दाराशी उभी राहून बघायची. तो मान हलवी, फुंकर मारी, शेवटी ओरडे, "वच्छले! माशी!" तेव्हा ती डावा कान पुढं करून म्हणायची, "काय म्हनता? मले या कानानं आयकू नाही येत." पाठ खाजली की खाजू द्यायची. चुलीवरून उतरलेली डाळ तशीच कालवून घास तोंडात द्यायची, आणि तो हां-हां करून तोंड उघडं ठेवायचा तेव्हा लगेच दुसरा घास.

पण तिची खरी कारागिरी होती ती चुलीपाशी. सगळ्या जगाला ठाऊक आहे की वाताच्या माणसाला वांगं वर्ज्य, हरभऱ्याची डाळ वर्ज्य, आंबाडी, आंबट दही तर विषच. वच्छलाबाई रोज वांगं करायची. वांग्यात हरभऱ्याची डाळ घालायची. वर आंबट ताकाची कढी. उकंडरावाला वांगं मुळातच प्रिय, तो पथ्याचं बोलायचा आणि जिभेनं पुन्हा मागायचा. शेजारची सोजराबाई बघायची तर पाटलीण मांडी घालून बसली आहे, नवऱ्याला घास घास भरवते आहे. "काय वं पुण्य तुमचं, वच्छलाबाई," ती म्हणायची. "सात जन्माचा सत्यवान लाभला तुमाले." वच्छलाबाई पदरानं नवऱ्याची हनुवटी पुसायची आणि म्हणायची, "सेवा हाये माय. आपल्या हातात दुसरं काय."

अशी दोन-अडीच वर्षं गेली. बाईच्या अंगावर मांस चढलं. ती ओव्या म्हणू लागली.

मग शेषरावाचं लग्न झालं. शेषराव हा पाटलाचा एकुलता एक. बापाच्या आवाजानं लहानपणी चड्डीत मुतणारा पोरगा आता मोठा झाला होता, पण मोठा झाला म्हणजे फक्त उंच झाला. बापाची कीर्ती माहीत असलेल्या गावांतून पोरगी मिळेना, म्हणून सोयरीक पार चिखलीच्या पलीकडं, डोंगराकडच्या गावात केली. सून आली गोजर. हसरी, कामसू, हाडापेरानं मजबूत. आणि येताना तिनं लुगड्यांच्या गाठोड्यात साळईच्या डिंकाची एक पुरचुंडी आणली.

इथं चूक झाली बघा. सोयरीक करताना पोरीचं नाक बघितलं, रंग बघितला, शेत किती ते विचारलं. पोरीची आजी कोण ते कोणी विचारलं नाही. गोजरची आजी मनकर्णाबाई म्हणजे डोंगराच्या त्या अंगाला सुजेचं औषध देणारी बाई. पायाची सूज, गुडघ्याची सूज, मार लागल्याची सूज. माणसं गाड्या जुंपून तिच्याकडं यायची. निर्गुडीचा पाला, आंबेहळद, साळईचा डिंक आणि एरंडाचं तेल. वस्तू काही गुपित नव्हत्या. पण औषध नुसत्या वस्तूंनी लागू पडत नाही, अशी त्या घराची श्रद्धा. शनिवारी दिवस मावळायच्या आत निर्गुडीपाशी जायचं, बुडाशी हळदकुंकू वाहायचं, तांदळाचे दाणे टाकायचे आणि तिला आवतण द्यायचं, की माय, उद्या तुले न्यायले येते. रविवारी उजाडता जायचं, पाला घ्यायचा. पाल्याला हात लागल्यापासून लेप दुखण्यावर बांधेपर्यंत तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. कोणी हाक मारो, कोणी शिवी देवो, साप निघो. बोललं की गुण गेला. नुसता त्या दिवसाचाच जातो असं नाही, त्या रोग्याला त्या हातानं पुन्हा कधी लागू पडत नाही.

गोजरनं सासऱ्याचे हात पहिल्यांदा पाहिले तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आत्याबाई, हे तर उतरन," ती सासूला म्हणाली. "माह्या आजीनं याच्याहून खराब हात उघडले. नाल्याकाठी निर्गुडी लय हाये, मी येतानी पायली."

वच्छलाबाई पोळपाटावर कणीक आपटत होती. तिचा हात थांबला.

"काही नोको," ती म्हणाली. "डाक्टरनं नाही म्हनलं. बाहेरचं काही लावलं तं हात सडतीन."

"नाही सडत वं. पाला हाये तो..."

"एकदा सांगितलं ना! आल्या आल्या वैदूगिरी करू नोको माह्या घरात."

गोजर गप्प झाली, पण डोळे तर मिटले नव्हते तिनं. ती बघत होती. सासू ओसरीच्या दाराशी उभी आहे आणि सासरा माशीनं हैराण झाला आहे, हे तिनं पाहिलं. वाफाळता घास पाहिला. रोजचं वांगं पाहिलं. एकदा तिनं कढीचं पातेलं हुंगलं, ताक इतकं आंबट होतं की कुत्रंही तोंड लावणार नाही. एका दुपारी सासू नदीवर गेली असताना तिनं सासऱ्याची पाठ नुसती खाजवून दिली, तर तो साठीचा पाटील हुंदके देऊन रडला. "पोरी," तो म्हणाला, "तू माही माय हायेस. ही रांड मले जित्तेपनी मारून राह्यली." गोजरच्या मनानं घेतलं की आपण राक्षसिणीच्या घरात पडलो आहोत आणि हा म्हातारा आपल्या भरवशावर आहे. आता यात त्या पोरीचं काय चुकलं? डोळ्यांना दिसलं ते खरंच होतं. फक्त कथा तिनं मधूनच ऐकायला सुरुवात केली होती.

वच्छलाबाईला धोका कळला. तिनं शेषरावाला शेतात गाठलं.

"तुह्या बायकोले आवर. ती त्यायचे हात बरे करते म्हनते."

शेषराव ढेकूळ पायानं फोडत राहिला.

"तू सांग तिले," वच्छलाबाई म्हणाली. "तुले ठाव हाये सारं. मी सांगतलं तं तिले सासुरवास वाटन."

"कसं सांगू माय? नव्या नवरीले सांगू का, आबा मारते म्हून? काय इज्जत राहीन?"

"माह्या पाठीची काय इज्जत हाये रे?"

"आता म्हातारे झाले ते," शेषराव म्हणाला. "आता नाही मारत." आणि बैलाकडं निघून गेला. कुत्र्याचं शेपूट नळीत घालून सरळ होतं असं मानणारी माणसं जगात असतात, आणि ती बहुतेक मार खाणाऱ्याच्या पोटीच जन्मतात.

तर एका शनिवारी गोजर कुंकवाचा करंडा पदराखाली घेऊन नाल्याकडं गेली. सोजराबाईनं पाहिलं आणि सगळ्या आळीत सांगितलं. वच्छलाबाईला रात्रभर डोळा लागला नाही. रविवारी उजाडताच ती अंगणाच्या फाटकात जाऊन उभी राहिली. पोरीनं शेषरावाला सांगितलेला नेम तिच्या कानावर आला होता; बोलली की गुण गेला. म्हणजे पोरीला एक शब्द बोलायला लावायचं, एवढंच काम.

गोजर आली. ओटीत हिरवागार पाला, ओठ घट्ट मिटलेले.

"कुठी गेलती?" वच्छलाबाईनं विचारलं.

गोजर बाजूनं जाऊ लागली. वच्छलाबाई आडवी झाली.

"मुकी झाली का? तुह्या बापानं मुकी पोरगी गळ्यात बांधली का आमच्या? का तुही आजी अशीच लोकायच्या घरात शिरे, पाल्याच्या नावानं?"

गोजरच्या नाकपुड्या थरथरल्या, पण तोंड उघडलं नाही. वच्छलाबाईनं तिच्या दंडाला चिमटा घेतला. साधा नाही, कातडी पिरगाळून. पोरीच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तोंडातून श्वास, आवाज नाही. मग वच्छलाबाईनं तिला थोबाडीत मारली. आयुष्यभर खाल्ल्या होत्या, दिली ही पहिली. तिचा तिलाच धक्का बसला. हाताला झिणझिण्या आल्या आणि त्या वाईट वाटल्या नाहीत, हे तिच्या ध्यानात राहिलं.

गोजर हलली नाही, बोलली नाही.

तेव्हा वच्छलाबाईचं अवसान गळालं. ती जवळ गेली, आवाज खाली आणला आणि खरं ते सांगितलं. डोक्यावरचा पदर काढून कान दाखवला. चोळी सरकवून खांद्यावरचे वळ दाखवले, जुने, पांढरे पडलेले. "पोरी, हे त्या हाताचं काम हाये. ते हात बंद हायेत म्हून मी जित्ती हाये. तुही आन घेते, लेकराची आन घेते, खोटं नाही बोलत. तू ते उघडले तं ते मले मारतीन. मंग तुलेही मारतीन. तो पाला टाकून दे माय. पाया पडते तुह्या."

आणि ती खरंच वाकली.

पण काय घडलं असेल ते बघा. बोलायला लावणारे वाटेत किती मोह येतात हे आजीनं गोजरला सांगितलेलं. कोणी शिवी देईल, कोणी मारील, कोणी रडून दाखवील. जेवढं औषध खरं तेवढी आडकाठी मोठी. आताच तर या बाईनं आजीला शिवी दिली, चिमटा काढला, थोबाडीत मारली. आता ती रडते आहे. गोजरनं मनाशी म्हटलं, हा शेवटचा मोह. सासूला वळसा घालून ती आत गेली. आपल्या जन्माची खरी गोष्ट वच्छलाबाईनं आयुष्यात एकदा कोणाला तरी सांगितली, तीही अशा माणसाला की ज्याला उत्तर द्यायची बंदी होती.

पाला ठेचला गेला. डिंक तेलात विरघळला. आंबेहळद पडली. कोमट लेप एरंडाच्या पानावर घेऊन गोजरनं दोन्ही हातांना बांधला, फडकं गुंडाळलं, आणि मगच तोंड उघडलं. "मामाजी, आता वांगं बंद. कढी बंद. तुमच्या ताटात मी वाढीन."

"तू म्हनशीन तसं, माय," उकंडराव म्हणाला.

औषधाला गुण होता हो. खोटं कशाला बोला. दर शनिवारी आवतण, दर रविवारी पाला, आणि दर रविवारी हातांची लाली थोडी कमी. आधी मनगटाचा ताप गेला. मग पेरांवरच्या सुरकुत्या दिसू लागल्या. मग एके दिवशी उकंडरावानं डाव्या हातानं स्वतःच्या नाकावरची माशी मारली. मारलेली माशी त्यानं दोन बोटांत धरली, दाराशी उभ्या असलेल्या बायकोला दाखवली आणि उपरण्याला पुसून टाकली.

गाव बघायला येऊ लागलं. सोजराबाई म्हणाली, सून नाही, लक्ष्मी आनली पाटलानं. उकंडराव हात पुढं करून सगळ्यांना दाखवायचा, डावा पूर्ण उघडतो, उजव्याची अजून दोन बोटं अडतात. लोक गेले की तो वच्छलाबाईला हाक मारायचा. ती आली की बोलायचा काही नाही, नुसता उजवा हात तिच्यासमोर धरून मूठ वळवायचा प्रयत्न करायचा. बोटं अर्ध्यात थांबायची.

"अजून नाही वळत," तो हळूच म्हणायचा. "वळू दे. दोन वर्साचं देनं राह्यलं तुह्यं, डाव्या हातानं नाही देनार. उजव्यानंच देईन."

मार सोपा असतो, कारण तो होऊन जातो. हे वाट बघणं वाईट. वच्छलाबाईचं जेवण तुटलं. भांडं पडलं तरी ती दचकून भिंतीला लागायची. ओव्या कधीच बंद झाल्या होत्या. गोजरनं एकदा हा उजव्या हाताचा प्रकार दाराआडून पाहिला. फाटकातलं बोलणं आठवलं. पण आठवलेलं माणूस झटकून टाकतं, विशेषतः आळीभर लोक लक्ष्मी म्हणत असतील तेव्हा.

एका शनिवारी गोजर आवतण द्यायला नाल्यावर गेली. पाटलाशिवाय घरात कोणी नव्हतं. वच्छलाबाईनं आंबाडीचा पाला शिजवला, त्यात आंबट दही घुसळलं, हरभऱ्याचं पीठ लावलं, वरून लसणाची फोडणी दिली, आणि वाटी बाजेपाशी नेली. उकंडराव किती दिवस मुगाच्या पाण्यावर होता. फोडणीचा वास आल्यावर त्याचं तोंड सुटलं.

"कोनं केलं?"

"घ्या," ती म्हणाली. कोणी केलं ते सांगितलं नाही. त्यानं वाटी डाव्या हातात धरून चाटूनपुसून खाल्ली आणि दुसरी मागितली. ती दिली. तिसरीही दिली. गोजर परतली तेव्हा तिला चुलीपाशी पातेलं दिसलं, आंबाडीचं देठ दिसलं. तिनं सासूकडं पाहिलं. सासूनं पातेलं राखेनं घासायला घेतलं.

रविवारी सकाळी उकंडराव ओरडतच जागा झाला. उजवा हात पुन्हा तापला होता, बोटं लाल, मनगटात ठणका. डावा मात्र मोकळाच होता. शेषराव उठून बसला, बाप ओरडतो आहे हे पाहून भिंतीशी सरकला. वच्छलाबाई दारात आली. त्याच वेळी फाटकातून गोजर आली, ओटीत पाला, ओठ मिटलेले.

"काल मले ते आंबट कोनं चारलं?" उकंडराव म्हणाला. आवाज खाली होता. तो खालचा आवाज वच्छलाबाईला फार जुना ओळखीचा. तो आवाज आला की नंतर काय येतं हे तिच्या हाडांना पाठ होतं. "वाटी तुवा आनली. केलं कोनं?"

सगळी मंडळी तिच्याकडं बघत होती. एका क्षणात तिला सगळं दिसलं: तो डावा हात, ती पराणी कोपऱ्यात, आणि अंगणात उभी असलेली ही पोरगी, जिला बोलता येत नाही.

"सूनबाईनं," ती म्हणाली. "सूनबाईनं केलं. मी निस्ती वाटी आनली."

गोजरनं मान वर केली. तिच्या तोंडात शब्द आला होता, ओठांपाशी येऊन थांबला होता, हे वच्छलाबाईला स्पष्ट दिसलं. एक शब्द, 'नाही' एवढाच. पण ओटीत पाला होता. म्हाताऱ्याचा हात ठणकत होता. आजीनं सांगितलेलं होतं, एकदा बोललीस की त्या रोग्याला त्या हातानं पुन्हा गुण नाही. पोरीनं ओठ आणखी मिटले. ती नुसती सासूकडं बघत राहिली, की आता ही खरं बोलेल. माणूस आहे, बोलेल.

वच्छलाबाई बोलली नाही.

"काऊन वं, खरं हाये का?" उकंडरावानं सुनेला विचारलं. "बोल ना. आता काऊन वाचा बसली?"

लेप बांधेपर्यंत ती दर रविवारी मुकीच असते हे रागात त्याच्या ध्यानी राहिलं नाही; बाजेवरून उठून तो अंगणात आला. गोजर तशीच. मग त्यानं डावा हात उचलला. गोजरनं ज्याचं एकेक पेर मोकळं केलं होतं तोच हात. असा सपकन बसला की पोरगी तुळशीच्या ओट्यावर आदळली आणि पाला अंगणभर झाला. "रांडे, मी माय म्हनलं तुले, आन तू मले इख चारते!" दुसरी बसली. तिसरी. शेषराव म्हणाला, "आबा, आबा," आणि जागेवरच उभा राहिला.

गोजर उठली. गालाखाली रक्त होतं, एक डोळा मिटत चालला होता. ती गुडघ्यांवर बसून पाला वेचू लागली. एकेक पान वेचून तिनं ओटीत भरलं, आत गेली, ठेचलं, डिंक विरघळवला, आणि लेप आणून म्हाताऱ्याच्या उजव्या हाताला बांधला. फडक्याची गाठ मारली. आता तिला बोलायला मोकळीक होती. सगळे वाट बघत होते. तिनं हात धुतले, तोंड धुतलं आणि चुलीपुढं जाऊन बसली.

वच्छलाबाईला काय वाटलं ते सांगतो. लाज वाटली. पण लाजेच्या आधी तिला हलकं वाटलं. दोन महिने जे डोक्यावर लटकत होतं ते पडलं होतं, आणि तिच्यावर पडलं नव्हतं. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

आणि पुढं तेच सुरू झालं. उजवा हातही उघडला. वांगं आता वच्छलाबाईच करेना; मुगाची खिचडी, गरम पाणी, लसणाचं तेल. पथ्य ती डोळ्यांत तेल घालून सांभाळायची, कारण हात दुखला की उकंडराव चिडे. आणि चिडला की त्याला समोर सून लागे. नवी पाठ, तरणी पाठ. बायकोचं जुनं देणं तो जणू विसरूनच गेला. एकदा तर लोकांसमोर म्हणाला, "आमची पाटलीन जुनी हाये, तिले कळते मानसाचं. या आजकालच्या पोरीच वाईट." गरज सरो, वैद्य मरो म्हणतात, इथं वैद्याला मरूही देत नव्हते, दर रविवारी गरज होती. सोजराबाईनं गोजरचं तोंड पाहिलं आणि म्हणाली, पाटील तापट हाये, पण मनाचा राजा मानूस.

मग पुढच्या एका शनिवारी, दिवस कलल्यावर, गोजर चुलीपासून उठली नाही.

"आवतन द्यायले नाही जायचं का?" वच्छलाबाईनं विचारलं.

"नाही जात." पोरीचा आवाज घोगरा झाला होता. ती सासूजवळ सरकली. "आत्याबाई, तुमी त्या दिशी खरं सांगत होत्या. मले नाही समजलं. मले माफ करा. आता पाला बंद करू. तुमी आंबाडी करा, मी वाढते. दोघी मिळून त्यायचे हात बंद करू."

वच्छलाबाईनं त्या सुजल्या डोळ्याकडं पाहिलं. कोणी तरी तिच्या बाजूनं उभं राहावं म्हणून तिनं सारा जन्म काढला होता, आणि आता ती बाजू समोर येऊन बसली होती. तिच्या मनात हिशेब सुरू झाला. हात एका दिवसात सुजत नाहीत. पावसाळा लागेल, हिवाळाही. तोवर मूठ वळतच राहणार. पाला का बंद झाला, आंबट कोणी रांधलं, हे तो विचारणार, आणि आता ही पोरगी गप्प राहणार नाही. मग तो उजवा हात. दोन वर्षांचं देणं असलेला.

ती उठली. कोनाड्यातलं ताट काढलं, त्यात हळदकुंकू ठेवलं, तांदळाचे दाणे टाकले आणि गोजरच्या हातात दिलं.

"ऊठ," ती म्हणाली. "दिवस मावळून राह्यला."

"आत्याबाई..."

"ऊठ म्हनलं ना."

गोजर उठली. उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिथंच थबकली, ताट हातात धरून, मागं बघत. ओसरीवर उकंडराव पान लावत होता, दोन्ही हातांनी, चुना अंगठ्यानं नीट पसरत. वच्छलाबाईनं सुनेच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला बाहेर लोटलं. कालच्या मारानं पाठ ठणकत होती, पोरगी कळवळली. वच्छलाबाईनं हात काढला नाही.